जात्याची वाटणी

बोरदऱ्याच्या चर्चमध्ये शिरलं की डाव्या हाताला, प्रभुभोजनाच्या मेजापासून चार पावलांवर, फरशीत बसवलेलं एक जातं दिसतं. इतर जात्यांना एक खुंटा असतो, याला दोन आहेत, समोरासमोर. तुमच्यातल्या एखाद्या धट्ट्याकट्ट्याने पुढे यावं आणि एकट्याने फिरवून पाहावं. पाऊण फेरा जाईल आणि अडेल. अडलं ना? आता दुसऱ्याने समोर बसून तो खुंटा धरावा. गेलं पुढे. याच्यात काही जादू नाही. का असं होतं ते सांगतो, पण मधेच टाळ्या वाजवायच्या नाहीत.

तुमच्या सगळ्यांच्या सदऱ्यांवर 'आपण सारे एक' असं छापलेलं आहे. सकाळी मैदानात दोरखंड ओढायचा खेळ चालला होता, तोही मी पाहिला. तुमच्या शिबिराच्या ताई मला म्हणाल्या, शांतवन मास्तर, मुलांना एकजुटीवर एखादी गोड गोष्ट सांगा. मी तेहतीस वर्षं शाळेत शिकवलं आहे, गोष्टी पुष्कळ येतात. ही गोष्ट मात्र गोड नाही. ती सांगताना माझं डोकं दर वेळी तापतं आणि आज तर ते आधीपासूनच तापलेलं आहे.

हे सगळं माळरान एकेकाळी ओसाड होतं. आमचे वाडवडील बाप्तिस्मा घेतल्यावर आपापल्या गावांतून हाकलले गेले आणि इथे येऊन राहिले. डोक्यावर मावेल तेवढंच घेऊन आले, असं सांगतात. जातं काही कोणी डोक्यावर घेऊन निघत नाही. तेव्हा मिशनच्या साहेबाने सगळ्या वस्तीला मिळून एक चांगलं जातं दिलं, तेच हे. वस्तीच्या दोन आळ्या पडल्या, वरची आणि खालची. दोन्हींतली माणसं वेशीबाहेरचीच. त्यांच्या मूळ जाती कोणत्या ते मी सांगणार नाही. आम्ही जात सांगायची सोडली आहे. निदान तोंडाने सोडली आहे.

पहिली दोन-तीन वर्षं जातं मधल्या लिंबाखाली होतं आणि दोन्ही आळ्यांच्या बाया तिथे पाळीपाळीने दळत. प्रभुभोजनाचं पीठही तिथेच निघे. शास्त्रात भाकर लिहिलेली आहे, म्हणून आमच्या लोकांनी मेजावर भाकरच ठेवली, ज्वारीची. साहेब हसला म्हणे, पण त्याने ती मोडून वाटली.

मग एका रविवारी उपदेशक नथोबा यांनी शेवटच्या दिवसाविषयीचं एक वचन वाचलं. त्यात दोन बाया जात्याला बसलेल्या असतात आणि त्यांतली एकच वर घेतली जाते, दुसरी राहते. तुम्ही ते ऐकलं असेल आणि झोपाही काढल्या असतील. आमच्या लोकांनी मात्र ते मनावर घेतलं. जागे राहा, तयार राहा, एवढाच त्याचा अर्थ. वरच्या आळीचा म्होरक्या शिदबा याने त्यातून भलतंच काढलं. तो म्हणाला, दोघींतली एकच जायची असेल तर ती आपली असली पाहिजे, आणि खालच्या आळीच्या बाईबरोबर एका जात्याला बसून आपली बाई मागे राहिली तर काय घ्या? वचनाचा एवढा उफराटा अर्थ लावायला डोकं लागतं. ते आमच्याकडे होतं.

शिदबाची सून ठकूबाई. तिला त्याने सांगितलं, खालच्या आळीचं दळण झालं की जातं धुऊन घ्यायचं आणि मगच आपले दाणे टाकायचे.

घरी जातं असलेलं कोणी असेल तर त्याला कळेल. जातं झाडतात, पुसतात, पण धुवत नाहीत. दगड ओला झाला की पिठाचा चिखल होतो. तरी ठकूबाईने धुतलं. खालच्या आळीची भिवराबाई आपलं सूप विसरली होती म्हणून परत आली, आणि तिने जात्यावरून ओघळणारं पाणी पाहिलं.

"जातं वलं कशानं झालं?" तिने विचारलं.

ठकूबाई फडक्याने दगड पुसत राहिली. लिंबाखाली पाच-सहा माणसं बसली होती, ती नुसती पाहत होती. भिवराबाईने सूप उचललं आणि ती गेली.

संध्याकाळी दोन्ही आळ्या भांडल्या. काठ्या निघाल्या. नथोबा मधे पडले तर त्यांचा अंगरखा फाटला. शेवटी कोणीतरी म्हणालं की असं असेल तर वाटणी करा. आणि आमच्या शहाण्या पूर्वजांनी जात्याची वाटणी केली. वरच्या आळीने वरची तळी नेली, खालच्या आळीने खालची. हसताय ना? हसा. मीही लहानपणी हसायचो. एका बापाची म्हणवणारी माणसं देवाच्या घरी जाऊन एकमेकांना भाऊ म्हणत होती आणि घरी अर्धं अर्धं जातं ठेवून बसली होती.

अकरा वर्षं हे चाललं. वरच्या आळीवाले आपली तळी खडकावर ठेवून फिरवत. खालच्या आळीवाले आपल्या तळीवर ओढ्यातला गोटा घासत. दोन्हीकडच्या पिठात खडीच खडी. आसपासच्या गावांनी आमचं नाव 'खडेखाऊ' ठेवलं. त्या पिढीचे दात चाळिशीत झिजून गेले होते, असं सांगतात. प्रभुभोजनाच्या मेजावर एका फडक्याखाली दोन भाकरी यायच्या. नथोबा एक मोडून उजवीकडे द्यायचे, दुसरी मोडून डावीकडे. त्यांनी हे का चालवून घेतलं, याचा मला आजही राग येतो. महिन्यातून एकदा बारा कोस पायी येणारा माणूस होता, थकला असेल. पण थकलेल्या माणसानेही एकदा तरी मेज उलथून टाकायला हवं होतं.

मग दुष्काळ पडला. खालच्या आळीचे बहुतेक पुरुष खडी फोडायच्या कामावर दूर गेले. मिळायची ती ज्वारी जुनी आणि कडक. भिवराबाईची मुलगी हौसा, चार वर्षांची, त्या खडीच्या पिठाने आजारी पडली. तिच्या पोटात काही टिकेना. आठव्या दिवशी ती गेली.

जमीन तापून दगड झाली होती. भिवराबाईने वरच्या आळीत निरोप धाडला, खणायला चार माणसं द्या. कोणी आलं नाही. भिवराबाईचा नवरा आणि एक म्हातारा असे दोघेच सकाळपासून दुपार टळेपर्यंत खणत होते. कुदळीचा दांडा मोडला, तेव्हा पहारीने उकरलं. वरच्या आळीची माणसं लिंबाखाली बसून हे पाहत होती. दीडशे पावलांवरून. पोरीएवढा खड्डा खणायला चार माणसांना किती वेळ लागला असता? घटकाभर. तेवढा वेळ त्यांच्यापाशी नव्हता, आणि बसून पाहायला दिवस होता.

यानंतर तीन आठवड्यांनी ठकूबाईचा नातू पौलू आजारी पडला. दोन वर्षांचा होता. त्याला तेच दुखणं. त्या दिवशी नथोबा आलेले होते. त्यांनी पोराचं पोट चाचपलं आणि सांगितलं, याला मऊ पिठाची पेज द्या, दुसरं काही नको, खडीचं पोटात गेलं तर हे पोर राहायचं नाही. ठकूबाईने पीठ फडक्यातून गाळलं, दोनदा गाळलं. तरी कचकच राहिलीच. गावातली दारं तर आम्हांला बाप्तिस्म्याच्या दिवसापासून बंद होती.

ठकूबाई सासऱ्यापुढे उभी राहिली आणि म्हणाली, तळी खाली घेऊन जाते. शिदबा म्हणाला, "पोर देवानं दिलंय, त्याला न्यायचं आसंल तर नेऊ दे. तळी खाली जायची न्हाई."

देवाचं नाव किती सोयीचं असतं पाहा. पोर मरू द्यायला तेच कामी येतं.

ठकूबाईने वाद घातला नाही. तिने चुंबळ केली आणि तळी डोक्यावर घेतली. भर दुपारी सगळ्या आळीच्या देखत ती उतार उतरून भिवराबाईच्या दारात जाऊन उभी राहिली. म्हणे तिला कोणी अडवलं नाही. एवढं वजन डोक्यावर असलेल्या बाईच्या वाटेत कोण येणार?

"काय आनलंस?" भिवराबाईने विचारलं.

"तळी."

"कशापायी?"

"पोर जातंय."

 भिवराबाई म्हणाली, "माझी गेली तवा तुमच्यातलं कोनी आलं न्हाई."

"न्हाई आले," ठकूबाई म्हणाली. "मीबी न्हाई आले. आन जातंबी मीच धुतलं व्हतं."

तुम्हांला वाटेल, आता दोघी गळ्यात गळा घालून रडल्या असतील. काही सांगणारे तसं सांगतातही. मला ते पटत नाही. माझ्या आजीने सांगितलं ते असं, की भिवराबाई आत गेली आणि खालची तळी ओढत अंगणात घेऊन आली. तिचा चेहरा दगडासारखाच होता. ती म्हणाली, "तुझ्यासाठी बसत न्हाई मी. त्या पोरासाठी बसते. माझा राग हाय आन ऱ्हानार हाय."

तळीवर तळी ठेवली. अकरा वर्षांत एक खडकावर घासून एका बाजूने झिजली होती, दुसरी गोट्याने मधे खोलगट झाली होती. दोन्हींचं जमेना. ठकूबाईने खुंटा धरून जोर लावला. पाऊण फेरा गेला आणि अडलं. पुन्हा लावला, पुन्हा तिथेच अडलं. वरच्या तळीला समोरच्या बाजूने आणखी एक भोक होतं, जुन्या जात्यांना असतं तसं. भिवराबाईने कोपऱ्यातून कुदळीच्या मोडक्या दांड्याचा तुकडा आणला आणि त्या भोकात ठोकून बसवला. कोणती कुदळ ते ठकूबाईला कळलं. तुम्हांलाही कळलं असेल.

मग दोघींनी मिळून ओढलं आणि जातं फिरलं. अडायची जागा आली की एकीने ढकलायचं आणि त्याच वेळी दुसरीने ओढायचं. एक जरी मागे राहिली तरी फेरा मोडायचा. एकमेकींकडे न पाहता हे जमत नाही, म्हणून दोघींना एकमेकींकडे पाहावं लागलं.

दळताना बाया ओव्या म्हणतात.  भिवराबाई म्हणाली, "वोवी म्हन. माझ्या हौसाचं नाव घेऊन म्हन."

ठकूबाईने सुरू केलं, भिवराची लेक हौसा... आणि भिवराबाईने हात थांबवला. जातं जागच्या जागी अडलं.

"माझी न्हाई. तुझी म्हन."

तिकडे वरच्या आळीत पोर कण्हत होतं. ठकूबाईने डोळे पुसले आणि म्हटलं:

दळण गं दळिते, पीठ सांडतं भुईवरी
हौसाबाई माझी लेक, नाही गेले मी मातीवरी

तेव्हा भिवराबाईने हात चालू केला. हीच ओवी दळण सरेपर्यंत म्हटली गेली, असं सांगतात. पीठ मऊ पडलं. दोन बिघडलेल्या तळ्यांतून तसं पीठ कसं निघालं, याला कोणी चमत्कार म्हणतात. मी शाळामास्तर आहे. मी एवढंच म्हणतो की दोघींनी पुरता जोर लावला असेल.

मधेच ठकूबाईला ते वचन आठवलं आणि ती घाबरली. म्हणाली, आत्ताच त्याची येळ आली तर? एकच घेनार म्हनतात. त्यावर भिवराबाईने वर पाहिलं आणि देवाला जे ऐकवलं ते आमच्या बोरदऱ्यात पोरासोरांना पाठ आहे. ती म्हणाली, "घ्यायचं आसंल तर दोघींना घे. न्हाईतर दोघींना हितंच ठिव. आता एकीला उचललंस तर जातं अडंल."

प्रार्थना हात जोडून करायची असते, असं आम्हांला शिकवलं आहे. तिचे हात खुंट्याला होते. ती कुठे पोचली असेल तर तशीच पोचली असेल.

पौलू जगला.

रविवारी मेजावर फडक्याखाली एकच भाकर होती. नथोबांनी फडकं काढलं आणि विचारलं, दुसरी कुठाय?  भिवराबाई उठली आणि दोन्ही आळ्यांना म्हणाली, "पीठ मी आन हिनं दळलंय. माझ्या हातचं कंचं आन हिच्या हातचं कंचं, ते येगळं काढून दावा. काढलं तर मी भायेर जाते."

कोण काढणार? नथोबांनी ती एकच भाकर मोडली.  आधी वरच्या आळीची दोन पोरं उठली, मग एक म्हातारी, मग हळूहळू सगळे. शिदबा उठला नाही. मरेपर्यंत उठला नाही. तो आमच्या घराण्यातला. त्याच्यामागे आठ पिढ्या झाल्या, पण त्याचं नाव आम्ही कोणाला ठेवलं नाही. पौलू माझा पणजा. म्हणजे त्या दिवशी खालच्या आळीने तळी बाहेर आणली नसती तर आज तुमच्यापुढे बडबडायला मी नसतो.

पुढे चर्च बांधलं तेव्हा आधी जातं बसवलं आणि मग भिंती उचलल्या. आणि तेव्हापासून इथला शिरस्ता पडला. प्रभुभोजनाच्या आदल्या दिवशी सकाळी पीठ याच जात्यावर दळायचं. दळायला बसायचं ते ज्यांचं आपसात बिनसलं आहे अशा दोघांनी, मग बाया असोत की बाप्ये. राग गेल्यावर बसायचं, असा नियम नाही. राग घेऊनच बसायचं. दुखावलेला जे नाव सांगेल ते दुखावणाऱ्याने ओवीत घ्यायचं, आणि आपलं म्हणून घ्यायचं. वर्षानुवर्षं दर महिन्याला अशी एक जोडी लागते. एखाद्या महिन्यात कोणाचं भांडणच नसेल तर काय करायचं, हे ठरवायची वेळ आमच्यावर अजून आलेली नाही.

तुमच्या ताईंनी मघाशी हळूच विचारलं, पण आता तसं काही राहिलं नाही ना, मास्तर? त्यांना मी उत्तर दिलं नव्हतं. आता देतो.

खालच्या आळीचा एलिया, भिवराबाईचा खापरपणतू, लहानपणी माझ्याच वर्गात शिकलेला आणि साठ वर्षांपासूनचा माझा सोबती. त्याचा नातू सुशांत आणि माझी नात नेत्रा यांना एकमेकांशी लग्न करायचं आहे. गेल्या महिन्यात एलिया रीतसर विचारायला घरी आला. मी म्हटलं, विचार करून सांगतो. कसला विचार करायचा होता, ते मला तेव्हाही ठाऊक नव्हतं. तो चहा पिऊन निघाला. माझ्या सुनेने त्याचा कप विसळला, आणि पुन्हा एकदा राख लावून घासला. बाकीचे कप एकदाच धुतले होते. मी समोर बसून पाहत होतो आणि काही बोललो नाही. तेवढ्यात एलिया विसरलेली काठी घ्यायला परत आला आणि दारात उभा राहिला. त्याने मोरीत पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. कप वला कशानं झाला, असं त्याने विचारलं असतं तर बरं झालं असतं. तो काठी घेऊन गेला.

मी शिदबाला आयुष्यभर शिव्या घातल्या. माझ्याच घराच्या मोरीत तो उभा असेल, असं वाटलं नव्हतं. सुनेला दोष देऊन मी सुटत नाही. तिने धुतला, पण लिंबाखाली बसून पाहणारा मीच होतो.

आजही कोणी इथे येऊन एकट्याने हे जातं फिरवून पाहिलं तर ते पाऊण फेऱ्यावर अडतं. पाथरवट म्हणतो, छिन्नी-टाकी लावून दोन दिवसांत सरळ करून देतो. आम्ही लावू देत नाही. परवा पंचांनी या महिन्याची जोडी जाहीर केली. उद्या सकाळी उन्हं आली की या खुंट्याला मी बसणार आहे आणि त्या खुंट्याला एलिया. तो महिनाभर माझ्याशी बोललेला नाही. उद्या नाव सांगण्यापुरता बोलेल. तो कोणाचं नाव सांगणार ते मला माहीत आहे. सुशांत माझा नातू, असं मला सगळ्या मंडळीसमोर म्हणावं लागेल, आणि मी पुटपुटलो तर तो हात थांबवील.

थांबवावाच त्याने. तुम्ही उद्या इथेच असाल तर या आणि बसा. सदरे कोणते घालायचे ते घाला.